ग्राऊ

ब्राझीलमध्ये, म्हणजे आमच्या फेइरा गावात,
याला ग्राऊ म्हणतात.
शब्दाचा अर्थ नुसता अंश.
तापाचा असतो, कोनाचा असतो, तसा.
पुढचं चाक जमिनीपासून किती सुटलं
एवढंच मोजायचं.
पण मोजणार कोण? ज्याचं सुटलंय
त्याला तर रस्ताही दिसत नसतो.

बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यामागे
नगरपालिकेने अर्ध्यात टाकलेला रस्ता आहे.
चारशे मीटर डांबर, मग एकदम निवडुंग.
रविवारी मिस्सा सुटली की आम्ही तिथे.
जोझेनिल्दू सहा दिवस पिझ्झा पोचवतो,
सातव्या दिवशी पाठीवरची चौकोनी पेटी
निवडुंगाच्या सावलीत ठेवतो
आणि गाडी माझ्या हातात देतो.
एकशे पंचवीस. हप्ते अजून अकरा बाकी.

"उचलायची घाई नको, एजिवानिया,
आधी खाली आणायला शीक.
उजवा पाय मागच्या ब्रेकवर.
पाय निघाला तर मी घरी निघालो."

मला वाटलं होतं, सगळं मनगटात असेल.
क्लच सोडायचा, मूठ पिळायची, छाती काढायची
की झालं.
पहिल्या रविवारी चाक बोटभर उठलं
आणि पोटात असा गोळा आला
की मी मूठच सोडली.
तिसऱ्या रविवारी वीटभर.
पाचव्याला गाडी ढुंगणावर बसली,
आणि मीही.
मागचा दिवा फुटला, नंबरप्लेट दुमडली,
भिंतीवर बसलेली पोरं इतकी हसली
की त्यातलं एक पडलं.
पाय कुठे होता, त्याने विचारलं.
पाय हवेत होता.
भीती वाटली की माझा पाय आधी पळतो
हे मला सव्वीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री आईने विचारलं, अशी वाकडी का बसतेस?
बेकरीत पडले, पिठाच्या पोत्यांवर.
पोती मऊ असतात, ती म्हणाली,
आणि माकडहाडाला तेल चोळत राहिली.
पुढे काही विचारलं नाही.
दिव्याचे पैसे मी दोन पगारांत फेडले.

सांव जुआंवच्या आदल्या रविवारी
गल्लोगल्ली होळ्यांसाठी लाकडं रचलेली,
हवेत ओली माती आणि मक्याचा वास,
दुसरा गिअर, क्लच, मूठ,
आणि चाक गेलं. गेलं ते गेलंच.
एका जागी येऊन गाडीचं वजन संपलं.
खरंच संपलं. इंजिन रडायचं थांबलं,
मूठ पिळावी लागेना,
समोर टाकी, टाकीवर आभाळ,
रस्ता फक्त डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात.
विजेचा एक खांब मागे गेला,
दुसरा, तिसरा.
चौथ्याला आभाळ जरा जास्तच जवळ आलं
आणि पाय,
माझा तो पळपुटा पाय,
न सांगता दाबला गेला.
भट्टीतून काढलेला पावांचा ट्रे
ओट्यावर टेकवावा तसं चाक खाली आलं.

मागे वळून पाहिलं.
जोझेनिल्दू फोनवर होता,
कुणाशी तरी टायरच्या भावावरून भांडत.
पोरं लाकडं चोरायला गेलेली.
"उचललीस?"
"हो."
"किती?"
"चार खांब."
"सोड गं," तो म्हणाला, "पेट्रोल संपेल, आण इकडे."

मी पुन्हा दाखवलं नाही.
त्या दिवशी दाखवताच आलं नसतं बहुतेक.

पहाटे चार वाजता बेकरीत
तीस किलोचं पोतं खांद्यावर घेते.
ते मागे ओढू लागतं,
तेव्हा उजवा पाय फरशीवर
नसलेला ब्रेक शोधतो,
हलकेच दाबतो.
मालक म्हणतो, मुंग्या आल्या का पायाला?