चौथी खूण

नकाशा बसवायला तीन खुणा पुरतात,
हे मला शिकवलं तार्तूच्या एका पोराने,
ज्याला मी कधी पाहिलेलं नाही.
माझी रात्र चढत असते तेव्हा त्याच्याकडे उजाडतं.

जुन्या कागदावर एक टिंब,
उपग्रहाच्या चित्रावर तेच टिंब.
असं तीनदा.
मग कागद ताणतो, जरा फिरतो,
झोपेत कूस बदलावी तसा,
आणि पडून राहतो जगाच्या अंगावर.

आमचा कागद चौतीस सालचा.
मोजणीदाराची सही होती त्याच कोपऱ्यात ओल चढलेली.
वाल्दिव्हियाच्या वर, क्रूसेस नदीचा काठ.
पहिली खूण देवळाची पायरी: देऊळ गेलं, पायरी आहे.
दुसरी, रेल्वेपुलाचा दगडी खांब.
तिसरी, टेकडीला वळसा घालणारी वाट,
जिथे आता बसथांबा आहे आणि एक कायमची झोपलेली कुत्री.

तिन्ही बसल्या.
तरी पानाचा खालचा अर्धा भाग पाण्यात.
कागदावर बटाट्याची वावरं, बांध, गोठा,
सफरचंदांच्या सहा रांगा, ठिपक्या-ठिपक्यांनी.
पडद्यावर नुसतं पाणी, आणि पांढरे कण:
मोठे करून पाहिले तर काळ्या मानेचे हंस.

तार्तूहून निरोप: एखादी खूण चुकली असेल, परत बघ.
नागासाकीची एक परिचारिका आमचं काम तपासते,
तिने अदबीने विचारलं:
पान उलटं तर स्कॅन झालं नाही?

मी आजोबांना हाक मारली.
एलेउतेरिओ वेन्चुमान, वय शहाऐंशी.
माउसला त्यांनी हात लावला नाही.
चष्मा स्वेटरला पुसला, बराच वेळ पुसला.
"चुकलं नाही काही. जमीन बसली.
साठ साली. मे महिना, रविवार, जेवणं झाली होती."
बसली म्हणजे?
"बसली म्हणजे बसली. थकलेली बाई बसते तशी.
मग उठलीच नाही."

मी रात्र-रात्र नकाशा बसवत होते.

शनिवारी ओहोटीला त्यांनी होडी काढली.
वल्ही माझ्याकडे, बोट दाखवणं त्यांच्याकडे.
पाण्यातून वर आलेली कुंपणाच्या खांबांची टोकं,
पेयिनचं लाकूड, सडायला तयार नाही.
आजोबा मोजत गेले, मोठ्याने, शाळेतल्यासारखे,
सतराव्याला थांबले.
"इथे कुंपण काटकोनात वळतं. तुझ्या कागदावर आहे?"
होतं.
मी फोन खांबावर टेकवला, हात थरथरत होता,
अक्षांश-रेखांशाचे शेवटचे आकडे
काही केल्या स्थिर होईनात.

तीच चौथी खूण.

परतताना विचारलं, आणि आपलं घर?
त्यांनी हनुवटीने दाखवलं: कुंपणाच्या पलीकडे.
कागदावर तिथे काहीच नाही.
पूर्वेस ओढा, पश्चिमेस विधवा लुडोविनाची शेती,
दक्षिणेस नदी, आणि मधे पांढरं.
मोजणीदार त्या दिवशी आमच्याकडेच जेवला होता, म्हणे.
पणजीने त्याला दोनदा वाढलं.

आता हा कागद कितीही ताणला
तरी त्यातून आमची चूल निघणार नाही.

रात्री मी खुल्या नकाशावर एक टिंब ठेवलं,
पाण्याच्या मधोमध.
यंत्र विचारतं: प्रकार कोणता?
घर. गोठा. अवशेष. पाणी.
यादी खालपर्यंत वाचली, परत वर आले.
आजोबा म्हणाले, घर लिही.
आता कोणी राहत नाही, मी म्हटलं.
"तसं विचारलंय का त्यांनी?"

पहाटे तार्तूहून उत्तर आलं:
चौथी खूण छान बसली. सरासरी चूक तीन मीटर.
पण ते घर पाण्यात का आहे?

मी लिहायला घेतलं, खोडलं, परत लिहिलं.
मागून आजोबा पडद्याकडे बघत होते.
"हा पोरगा," ते म्हणाले,
"झोपतो तरी कधी?"