देवगडच्या बर्फ कारखान्यातून, भाषांविषयी

सी ठीक आहे.
सी नेहमीच ठीक असते,
आनंदवाडीच्या जेट्टीवरल्या पहिल्या खांबासारखी:
दोर सगळे तिलाच बांधतात, विचारत कोणी नाही.

पायथन तीन आवृत्त्यांत उभी आहे,
त्यातल्या थोरलीला या महिन्यात निरोप.
रस्टचं बिल्ड काल रात्री पुरं झालं.
अकरा तास, या मशीनवर.
तेवढ्या वेळात एक ट्रॉलर जाऊन, जाळं टाकून,
सुरमई नाही म्हणून शिव्या घालत परत आला.
हॅस्केल चालते. कुणासाठी ते माहीत नाही.
एस्तोनियातला एक जण तिचं बघतो,
त्याचं प्रत्येक पत्र माफी मागून सुरू होतं.

पास्कल.
सांभाळणाऱ्याच्या रकान्यात नाव नाही,
नुसतं 'पोरकं'.

आमचा टोकनांचा प्रोग्राम पास्कलमधला.
लतीफ सोलकरांनी लिहिलेला, सत्त्याण्णव साली:
होडी कुठली, लाद्या किती, उधारी कुणाची.
आकडे ठेवायच्या खणांची नावंसुद्धा घरची,
'उरलला', 'बुडीत', 'मागीर'.
ओळ दोनशे बारावर शेरा:
हय हात लावू नको.
कित्याक ता माका पण म्हायत नाय.

लतीफभाईंना जाऊन चार वर्षं झाली.
प्रोग्रामला कोणी कळवलेलं नाही.
तो रात्री दोनला उठतो, मागीरची बेरीज करतो.

मंगळवारी नव्या आवृत्तीची गोठवण.
त्यानंतर आत काही घेत नाहीत, काढतात फक्त.
हे मला कुणी समजावून सांगायला नको,
डबा मिठाच्या पाण्यात सोडला
की वरून तांब्याभरही भर घालता येत नाही,
लादी तडकते.

दाजी तांडेल टोकन घ्यायला आले, खुर्चीत बसले.
'फुकटचा आसा मा ता? मगे कोण कित्याक करतलो?'
फुकट नाही दाजी, मोकळं आहे.
'मोकळा म्हंजे? दाव्यातसून सुटलला?'
तसंच.
ज्याच्या दारात येईल त्यानं बांधायचं.
दाजी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले,
मग म्हणाले, 'गवत खूप खातला ह्यां.'

रविवारी दोनदा वीज गेली.
अमोनियाचा वास, कंप्रेसरची घरघर,
आणि नव्या प्रोसेसरला न उमजणारा
एक जुना, सरळमार्गी कंपायलर.
पॅच निघाला सात ओळींचा.
त्यातली एक ओळ म्हणजे नुसता अर्धविराम,
पहाटे साडेतीनला सापडलेला,
तोवर मी त्याच्यावरून शंभरदा गेलो असेन.

रकान्यात नाव लिहिलं: उमाकांत कुबल.
पत्त्याची गरज नव्हती. तरी देवगड लिहिलं.

चारशे अकरा चाचण्यांत तीन नापास.
दोन कशाने, ते कळलं, दुरुस्त केल्या.
तिसरी
लतीफभाईंच्या त्या ओळीपाशी येऊन थांबते.

हात लावला नाही.
खाली तारीख टाकली फक्त.