दक्षिणेकडच्या भिंतीशी

आमच्या गावात छपरं पाटीच्या दगडाची,
कुंपणं त्याचीच, थडगीही त्याचीच.
भुरभुर आली की अख्खं गाव
ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीसारखं दिसतं.
वेल्समध्ये भुरभुर यायला
कारण लागत नाही.

तादला (बापाला आम्ही ताद म्हणतो)
इंजिन चालवायचं होतं.
सतराव्या वर्षी रेल्वेच्या डॉक्टरनं
अंधाऱ्या खोलीत दोन दिवे लावले.
लाल कोणता? हिरवा कोणता?
ताद म्हणाला, यातला वेगळा कोणता?
सोमवारी तो खाणीत लागला.
तिथे दगड निळा, जांभळा, राखी.
तिथे त्याला कुणी काही विचारलं नाही,
आणि दगडाच्या पातळ चिपा काढण्यात
चाळीस वर्षं
त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

बाग आईची. नेस्ताची.
गडद लाल गुलाब, रस्त्यावरून जाणारे थांबायचे.
ताद चहाचा कप घेऊन दारात उभा राहायचा
आणि म्हणायचा, छान आहेत झुडपं.
फूल त्याला पानांत सापडायचंच नाही.
वासामागून जायचा,
नाकाला काटा लागला की म्हणायचा, हं, हे.

मग एका मार्चमध्ये
चॅपलच्या जुन्या बाजारातून आईनं
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली काडी आणली.
ऑलवेन पार्रीनं दिली होती, तिला कुणी दुसरीनं,
त्या दुसरीला तिच्या आत्यानं.
याला बी धरत नाही, ऑलवेन म्हणाली होती,
हातातून हातात गेलं तरच टिकतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात फुललं.
पाकळी एकही नाही.
हिरवी पानंच, एकावर एक, कडांना कातरलेली,
वास मिरीसारखा.
ऑगस्टच्या प्रदर्शनात पंचांनी खाली चिठ्ठी लावली:
'फूल अद्याप उमललेले नाही.'
आई हसत हसत घरी आली,
चिठ्ठी साखरेच्या डब्याला चिकटवली,
ती अजून तिथेच आहे, तिचं शेवटचं अक्षर गेलंय.
त्याच संध्याकाळी तिनं हाक मारली:
इद्वल, याचा रंग सांग.
ताद घाबरला. परीक्षाच ती.
...पानाचाच की.
बरोबर, आई म्हणाली.
आमच्या भाषेत आकाशाच्या निळ्याला
आणि रानातल्या हिरव्याला
जुन्या माणसांनी एकच शब्द ठेवलाय.
त्या दिवशी तो कुणालाच अपुरा वाटला नाही.

निगा म्हणाल तर फार नाही.
मार्चमध्ये मूठभर हाडांचा चुरा.
बुडाशी पाटीच्या चिपा पसरायच्या,
दिवसभराचं जे काही ऊन मिळेल ते
त्या रात्रीसाठी धरून ठेवतात.
मावा पडला तर औषध नको, बोटानंच पुसायचा.
कात्री हलक्या हातानं, हे झाड रुसकं आहे.

आणि सप्टेंबर.
सप्टेंबरात जुन्या फुलांच्या कडा
तांबूस होतात. आधी एक, मग सगळ्याच.
आईला हे पहिल्याच वर्षी दिसलं.
ती पहाटे उठायची, ताद झोपेत असताना,
तांबडी पडलेली फुलं खुडून
खताच्या ढिगात खोल दाबायची.
इतक्या लवकर का खुडतेस? तो विचारायचा.
मावा, ती म्हणायची.
एकवीस सप्टेंबर.

आई गेली त्या वर्षी
हे काम मी न सांगता उचललं.
बँगरहून शुक्रवारी रात्री यायचं,
शनिवारी उजाडायच्या आत बागेत.
काल ताद माझ्याआधी तिथे उभा होता,
मफलर उलटा, पायात आईचे गमबूट, टाचा बाहेर.
एका फुलावरून अंगठा फिरवत होता,
चीप तपासावी तसा.
ते राहू दे, मेरेरिद, तो म्हणाला.
कडा खरखरीत झाल्या की
मला कळतं.

मी कात्री खिशात टाकली.
आत किटली शिट्टी मारत होती,
कुणीच गेलं नाही.