काढलेली अक्षरं

असाकुसाबाशीला बटणांच्या ठोक दुकानावर
आमची खोली. शोवाचं साठावं वर्ष, जानेवारी.
चौघांत एक रॉकेलचा स्टोव्ह,
आणि आलेखाच्या कागदांना संत्र्याच्या सालींचा वास.

मिनेगिशीनं हिशेब मांडला:
राजवाडा बसतो. गुहा बसते,
तिच्यातला अंधार तर फुकटच.
समुद्रही बसतो,
समुद्र म्हणजे एकच निळा चौकोन, पुन्हा पुन्हा.
लिपी बसत नाही.

अक्षरं काढणं माझं काम होतं.
आठ आडवी, आठ उभी घरं, पेन्सिलीनं भरायची.
त्या आठवड्यात त्याच क्रियापदाचा
दुसरा अर्थ माझ्या टेबलावर आला.

हिरागाना राहू दे, कुरोइवा म्हणाला,
माणसं तिच्यातच बोलतील.
काताकानातली अठराच घ्या.
गावांची, राक्षसांची नावं
भागवतो मी तेवढ्यात.
‘हे’ आणि ‘री’ दोन्ही लिप्यांत जुळी,
ती दोन आयतीच मिळाली.
बाकीच्यांसाठी आम्ही रात्रभर भांडलो,
बांधावरून भावकी भांडते तसे.
‘मु’ गेला तेव्हा एक अख्खा ज्वालामुखी गेला,
दुसऱ्या कशात त्याचं नाव मावेना.
पहाटे मी ‘नू’वर फुली मारली.
कुणी काही बोललं नाही.
‘नू’ लागतो कुणाला?

माझ्या आईचं नाव नुई.
नुई म्हणजे शिवण.
नोंदवहीत काताकानातली दोनच अक्षरं,
तिच्या काळी पुष्कळ मुलींची नावं अशीच लिहीत.
किर्यूला ती लोकांचे किमोनो उसवायची,
धुवायची, फळीवर ताणून वाळवायची,
आणि पुन्हा शिवायची,
जणू पहिल्यांदाच.

पहिल्या गावात एक धर्मशाळा होती.
नायक जखमी होऊन येतो, सहा नाणी देतो,
पडदा काळा होतो,
सकाळ होते.
मालकिणीला नाव नव्हतं.
शेवटच्या रात्री, इगारी टेबलाखाली घोरत असताना,
मी तिला नाव द्यायला बसले.
‘नू’मधली छोटी काडी मोठीला छेदून जाते.
न छेदता नुसती टेकवली की ‘सू’ होतो.
‘सू’ आमच्याकडे होता.

सुई.

ओबोनला कार्ट्रिज घेऊन घरी गेले.
आई चष्मा लावून टीव्हीच्या इतकी जवळ आली
की काचेनं तिचे केस ओढून घेतले.
बराच वेळ पाहत राहिली.
‘टाका आरपार गेला नाही, फुमिए,’
म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

खेळ साठवायलाही जागा नव्हती.
थांबताना राजा वीस अक्षरांचा मंत्र सांगायचा,
तो वहीत उतरवून घ्यायचा.
हिरागानातला ‘ने’ आणि ‘वा’,
चेहऱ्यानं सख्ख्या बहिणी.
आओमोरीच्या एका मुलानं
एकीच्या जागी दुसरी लिहिली,
आणि त्याची सगळी सुट्टी बुडाली,
तलवारीसकट.
त्याचं पत्र आलं, पेन्सिलीनं लिहिलेलं, खाडाखोडीचं.
‘मी पुन्हा पहिल्यापासून निघालो.
सुईबाई तिथेच होत्या.
त्यांनी मला ओळखलं नाही,
पण सहाच नाणी घेतली.’

तिसऱ्या भागाच्या वेळी जागा चौपट झाली.
सगळी अक्षरं परतली, ज्वालामुखीसुद्धा.
मिनेगिशी म्हणाला, आता आईचं नाव नीट कर.
आईला जाऊन तेव्हा दोन हिवाळे झाले होते.
मी कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं,
‘नू’ काढला.
छोटी काडी आरपार.
चांगला आला.
तो दलदलीतल्या एका राक्षसाच्या नावात गेला.

धर्मशाळेला मी हात लावला नाही.
आओमोरीचा तो मुलगा
एखाद्या रात्री दमून आला,
आणि दारात भलतंच कुणी असलं तर?