खिशांची झडती

वर्षाकाठी मोजकी जहाजं येतात ट्रिस्टनला,
माणसं बघायला नाही, पक्षी बघायला.
माणसंही बघतात. दुर्बीण कुठे वळेल
सांगता येत नाही.

मी डेकवर खुर्ची टाकून बसते.
चिमटा, भिंग, बुटांसाठी ब्रश,
आणि समोर साठ प्रवाशांचे खिसे.
उलटे करा, म्हणते. अगदी शिवणीपर्यंत.
नाइटिंगेल बेटावर तुमच्यासोबत
गवताचं एक कुसळही उतरता कामा नये.
दुसऱ्याचं कुसळ शोधणं
हेच माझं आजचं काम, आणि पगारी.

उंदीर असेच आले होते आमच्या मोठ्या बेटावर,
फुटल्या जहाजातून. तेव्हापासून तिथे
बिळात अंडी घालणाऱ्यांची
रोजची रात्र वैऱ्याची.

कुणाच्या मोज्यात गोखरू,
कुणाच्या वेल्क्रोत कुठल्याशा विमानतळाबाहेरचं गवत,
बिस्किटाचा चुरा, तिकिटाचा लगदा.

मग वाउटर.
सत्तरी पार. अंगात बायकी कोट,
बटणं उलट्या बाजूला, खांद्यात आवळलेला.
आतल्या खिशात हात घालण्याआधी
त्यानंच माझ्याकडे पाहिलं,
परवानगी मागितल्यासारखं.
शिवणीत जांभळट चुरा.
लव्हेंडर. तिची सवय, म्हणाला,
कपाटात, उशीत, खिशात.
हातात चिमटा असला की
बोलायचं कमी असतं.
कण न् कण वेचून पाकिटात घातला.
वर आकडा लिहिला: एकेचाळीस.

दुपारी बेटाशी आलो तर समुद्र उठलेला.
लाटा उंच नव्हत्या, रुंद होत्या,
झोपेत कूस बदलणाऱ्या जनावरासारख्या.
काळ्या लाव्हाच्या पायरीवर पाणी चढायचं
आणि पुरुषभर खाली जायचं.
होरेसनं नुसती मान हलवली.
साठ जोड्या, घासून लख्ख केलेले बूट,
त्यांना जमीन मिळाली नाही.
रबरी होड्यांतून फिरलो कडेकडेनं.

पिनामिन मात्र उतरत होते.
पेंग्विन तुमच्यासाठी. आमच्याकडे पिनामिनच.
पिवळ्या भुवया, लाल डोळे,
आत्ताच कुणाशी भांडून आल्यासारखा चेहरा.
लाट आपटते, घसरतात, जातात,
येतात.
एक बाराव्या खेपेला चढला,
अंग झाडलं
आणि मागे न बघता उंच गवतात शिरला.
होडीत टाळ्या. मला लाज वाटली थोडी,
मग मीही वाजवल्या.

डोंगर फुटला त्या साली सगळं गाव
विलायतेला नेलं होतं. नळ, दिवे, पगार.
परत आलंच ना.

इथेच एक मालवाहू खडकावर चढलं होतं,
पोटात सोयाबीन आणि काळं तेल.
गावचा पोहायचा तलाव तेव्हा
पिनामिनांना दिला आम्ही.
मनगटावर चोचीची खूण आहे अजून,
वाउटरला दाखवली.
त्यानं टोपी काढली.
कुणासाठी, कळलं नाही.
वर मॉली पंख न हलवता चालले होते,
सगळ्या दुर्बिणी तिकडे.
तो कोटाची कॉलर धरून पाणी बघत बसला.

नियमाप्रमाणे पाकिटं जाळायची असतात.
पण बेटावर कुणी उतरलंच नाही
तर नियम लागू कसा,
हा वाद मी मनातल्या मनात जिंकले
आणि एकेचाळीस नंबरचं पाकीट
त्याच्या केबिनच्या दाराखालून सरकवलं.

रात्री गावाशी आलो.
शिडीवरून होडीत, होडीतून धक्क्यावर.
समुद्र, बघा, तेव्हा निजलेला.
दाराबाहेरच स्वतःचे खिसे उलटे केले:
बटाट्याच्या वाफ्यातली माती, एक दोरा.
बोटांना तो वास.
साबणानं जाईना.

सकाळी घंटा झाली, मासेमारीचा दिवस.
जहाज दिसत नव्हतं.
दुपारपर्यंत मासे साफ केले,
मग गेला.