कोरडी

दुकान हकीमभाईंचं, बर्डीवर. रंगाची खोली मागे.
माझं काम एवढंच: लोखंड सोलायचं
आणि पुन्हा झाकायचं.
काउंटरला साखळीनं बांधलेलं कार्ड,
बोटाएवढ्या पत्र्याच्या सोळा पट्ट्या:
डार्क अर्थ, कोयोट, ऑलिव्ह, डेझर्ट सँड.
काळं हल्ली कुणालाच नको असतं.
धरमपेठेतले एक डॉक्टर पिस्तुलासाठी
सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आले होते.
मानकापूरला नेम शिकणारी पोरगी
शेवाळी आणि शेणकटाच्या मधे
आठवडाभर अडकून होती.

मनसाराम उईके आले ते बँकेच्या गणवेशात.
दुनळी. वडिलांनंतर त्यांच्या नावावर झालेली.
परवान्याच्या वहीत नंबर, बोअर, नळीची लांबी;
रंगाला रकानाच नाही.
आधी त्यांनी बंदूक मोडून
नळ्यांतून ट्यूबलाइट पाहिली, मग मी पाहिली.
उजेडाचे दोन गोल. रिकामी.

‘डार्क अर्थ म्हंजे?’
माती, मी म्हटलं.
‘कोनती?’

याचं उत्तर कार्डावर नव्हतं.
त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, नखानं खरवडली.
‘कन्हार नाही. मोरंड नाही. खरडी म्हनावं तं तेबी नाही.
बर्डी तं नाहीच नाही,’ आणि हसले,
कारण आम्ही उभे होतो ती बर्डीच,
मुरूम केव्हाच फरशांखाली गेलेला.

हे रंग लपायला असतात, काका, मी म्हटलं,
झुडपात, वाळूत. तुम्ही तर दिवसभर
पांढऱ्या टाइल्सवर, काचेच्या दाराशी.
‘मले लपाचं नाही जी. लेकरं भेतात.
पासबुक घेऊन बाया येतात, त्या भिंतीभिंतीनं जातात.
काळी असली का आधी बंदूकच दिसते.
मातीवानी असली तं
आधी मानूस दिसन.’

मला नाही पटलं.
बंदुकीनं बंदुकीसारखंच दिसावं, दुरून, स्वच्छ,
असं माझं मत आहे.
पण रंगाऱ्याचं मत कोण विचारतं.

सोमवारी त्यांनी प्लॅस्टिकच्या पुडीत
देवलापारची माती आणली, मूठभर,
तिच्यात एक मोहाचं वाळकं फूल आलेलं.
ट्यूबखाली ती राखेसारखी दिसली,
रस्त्यावर नेली तर तांबूस,
हकीमभाईंनी बाटलीतलं पाणी शिंपडलं
तर थेट गुळासारखी.
आता यातली कुठली?
काकांनी बराच वेळ लावला.
तेवढ्यात दोन सिटी बस गेल्या, एक वरात गेली.
‘कोरडी,’ म्हणाले. ‘वर्साचे आठ महिने तेच तर असते.’

तीन डबे मिसळले. चौथ्या पट्टीला जमलं.
जुनी निळसर झिलई वाळूच्या माऱ्यानं उतरवली,
नळ्यांची तोंडं बुचांनी बंद करून
पातळ दोन हात मारले, भट्टीत दोन तास.
बाहेर मे महिना. हकीमभाई म्हणाले,
भट्टी कशाला, गच्चीवर ठेव.
दस्ता सागाचा. त्याला हात लावू नको म्हणाले होते;
त्यावर गालाची जागा आहे, तुळतुळीत,
आणि तो गाल यांचा नाही.

त्या संध्याकाळी बसमध्ये
माझ्या कोपरापर्यंत तोच रंग.
शेजारची बाई म्हणाली, वावरातून आली का?
मी हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

दिवाळीनंतर काका पुन्हा आले.
पट्ट्याची कडी घासून घासून
नळीखालचा रंग गेलेला, टिकलीएवढा,
आत काळं लोखंड उघडं.
भरून देते, म्हटलं, पैसे नकोत.
लेकरांचं काय, तेही विचारलं.
‘भेतात अजून,’ म्हणाले, ‘थोडे कमी. का मलेच वाट्टे तसं.’
मग बोट त्या टिकलीवर ठेवून
जरा वेळ पाहत राहिले.
‘राहू द्या, पोरी,
खाली कन्हार लागली.’