फक्त वॉट

दांडियाबाजार, तिसरा मजला, समर्थांचं घर.
मी विचारते, पंखा रोज किती तास?
चार, म्हणतात अच्युतराव.
डोक्यावर पंखा फिरतोय,
सकाळचे अकरा, नोव्हेंबर.
मी चार लिहिते.

बेचाळीस प्रश्न, शिवाय परिशिष्ट.
आठ महिने वडोदऱ्यात दारोदार फिरून
एवढं कळलं की विजेबद्दल कुणी खोटं बोलत नाही.
लोक सांगतात ते कसे असायला हवे होते ते.

मकरपुऱ्याला नगीनभाईंच्या लेथच्या कारखान्यात
जेवणाच्या सुट्टीतही कॉम्प्रेसर धडधडतो,
रिकामा.
बंद का करत नाही?
डबा उघडता उघडता ते म्हणाले,
"बेन, आवाज थांबला की शेजारचा येऊन विचारतो,
काय, धंदा बंद केला?"
याला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं. समास भरत आलाय.

काळाघोड्याच्या सिग्नलला रिक्षावाला सलीम
नव्वद सेकंद इंजिन चालू ठेवतो.
बंद करून परत मारली की जास्त पिते, म्हणतो.
मी त्याला आकडे दाखवले.
त्याने ते नीट वाचले, मान डोलावली,
आणि हिरवा होईपर्यंत
एक्सिलेटरवरचा हात काढला नाही.

तर, समर्थ.
त्यांच्या मीटरला मी चिमट्यासारखं यंत्र लावून ठेवलं होतं,
दर मिनिटाला एक आकडा.
रात्र म्हणजे सपाट मैदान :
फ्रिज उठतो, फ्रिज निजतो.
पण रोज तीन वाजून दहा मिनिटांनी
एक सरळसोट खांब,
पंधराशे वॉट, चार मिनिटं.
सतरा रात्री. एकही खाडा नाही.

"रात्री? आम्ही दहाला झोपतो,"
अच्युतराव हसले. "दोघंही. गाढ."
स्वयंपाकघरात भांडं विसळायचा आवाज
थांबला
आणि पुन्हा सुरू झाला.

आमचे सर म्हणाले, यंत्राचा दोष. काढून टाक.
सरांच्या खोलीत एसी अठरावर होता,
मी ओढणी गुंडाळून बसले होते
वीजबचतीच्या अहवालाचं तिसरं प्रकरण मांडीवर घेऊन.
हिशेबाला ते बरोबरच होते :
चार मिनिटं म्हणजे युनिटचा दहावा भाग,
ज्याने कुठलीही सरासरी हलत नाही.

यंत्र काढायला गेले तेव्हा अच्युतराव बँकेत गेले होते.
कुमुदताईंनी स्टूल धरलं.
मी काही विचारलं नाही.
वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे,
विजेची किटली होती, तोंड भिंतीकडे,
शेजारी एकच कप.

जिन्यापर्यंत सोडायला आल्या.
दोन पायऱ्या उतरले असेन, तेव्हा म्हणाल्या,
"त्या तुमच्या यंत्रात
आवाजपण येतो का हो?"

नाही, म्हटलं. फक्त वॉट.

"मग बरंय," म्हणाल्या
आणि दार लावता लावता
आतल्या दिव्याचं बटण बंद केल्याचा
टक् असा आवाज आला.